धाकटीच्या वहीवरचे लाल शेरे

मी एक जुना लाल पेन आहे आणि मित्रांनो, आज मी भयंकर रागात आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

एकवीस वर्षं मी शाळेत बाईंच्या हाताखाली काढली. ढीगभर निबंध तपासले. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाईंच्या लाल शाईपुढे कुणाचं काही चालत नाही." मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो, कबूल करतो. बाई निवृत्त झाल्या आणि मी खणात सुकत पडलो.

मग बाईंची धाकटी बहीण राहायला आली. तिचा कॅन्सर बरा झाला होता, रिपोर्ट स्वच्छ होते. पण झोप उडालेली. तपासणीची तारीख जवळ आली की हात थरथरायचे. दवाखान्यातल्या समुपदेशकाने सांगितलं, "रोज वीस मिनिटं लिहा. मनात येईल ते. कुणी वाचायचं नाही, कुणी तपासायचं नाही." धाकटी जेवणाच्या टेबलाशी बसून लिहू लागली. महिन्याभरात तिला झोप लागायला लागली. भांडी विसळताना गुणगुणायचीसुद्धा.

एका दुपारी ती बाहेर गेली आणि बाईंनी तिची वही उघडली. मला खणातून काढलं, धुतलं, शाई भरली. मला वाटलं, चला, काम मिळालं. मूर्ख मी.

धाकटीने लिहिलं होतं, 'सगळे म्हणतात, तू शूर. कसली शूर? उपचार चालू असताना मी बादलीवर वाकून ओकत होते आणि भेटायला आलेली ताई दारातून विचारत होती, जेवतेस का.' बाईंनी माझ्याकडून समासात लिहून घेतलं, 'कृतज्ञता हवी.' पुढे, 'नशिबाला शिव्या नकोत.' आणि शेवटी, 'विचार चांगले ठेव. दहापैकी सहा.'

दहापैकी सहा! मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटीने संध्याकाळी ते वाचलं आणि वही मिटली. नऊ दिवस ती उघडली नाही. झोप पुन्हा गेली, हातातून कप सुटू लागले. आणि बाई शेजारणीला सांगत होत्या, "मी तिचं लिखाण सुधारतेय." नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

दहाव्या दिवशी धाकटीने टेबलावरून मला उचललं आणि बाईंसमोरच वही उघडली.

"ताई, मी आता वीस मिनिटं लिहिणार आहे. तुझ्याविषयी."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे. म्हणून तर जास्त राग येतो."

ती इतकं दाबून लिहीत होती की माझी निब वाकली. बाई समोर बसून नुसती खरखर ऐकत होत्या. लिहून झालं तेव्हा धाकटीचा हात थरथरत नव्हता.

"वाचू?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही."

बाई उठल्या. तिच्याजवळ पाण्याचा पेला ठेवला, बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

मित्रांनो, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. कुणी आपलं दुखणं लिहीत असेल तर त्याला कोरा कागद द्या आणि खोलीतून निघा. तुमचं शहाणपण बरोबर घेऊन निघा. माझी निब वाकली ती वाकलीच. आता माझ्याने कुणाचे गुण लिहवणार नाहीत, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.