टोपी आधी माझ्या पोराला

मी एक जुना मालवाहू टेम्पो आहे. लोक मला छोटा हत्ती म्हणतात. मला सोंड नाही, सुळे नाहीत, तरी नाव पडलं ते पडलं. माझा रंग उडाला आहे, डावा दरवाजा दणका दिल्याशिवाय लागत नाही आणि चढावर मी थोडा कुरकुरतो. म्हणून कुणी मला भंगार म्हणू नये. मी अजून कामावर आहे आणि सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शोरूममधून मखमलाबादच्या यादवने मला घरी नेलं. त्याच्या बायकोने, सविताने, मला ओवाळलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. यादवचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, बिजली यांचे क्रेट भरून पहाटे गंगेवरच्या, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठच्या, फुलबाजारात पोहोचवायचे, हे माझं काम. दसऱ्याला माझ्यावर इतका झेंडू लादत की मागून मी दिसतच नसे. बाजारात सगळे म्हणत, "यादवची गाडी कधी दगा देत नाय." हे ऐकलं की मला चढसुद्धा सोपा वाटायचा.

त्यांचा एकुलता मुलगा मयूर माझ्याच हौद्यात खेळून मोठा झाला. आयटीआय करून तो अंबडला एका कारखान्यात लागला आणि घरात लग्नाचा विषय निघाला. यादवचा थोरला भाऊ सावळीराम, म्हणजे सगळ्यांचा आण्णा, याने नांदगावचं स्थळ आणलं. मुलगी बघायला यादव, सविता आणि मयूर अशी तिघं माझ्यातूनच निघाली. माझ्यात पुढे जागा दोघांची आहे, पण बसतात तिघं.

चांदवड मागे पडलं आणि मयूर म्हणाला, "आप्पा, गाडी बाजूला घ्या. मला बोलायचंय."

यादवने मला लिंबाखाली उभं केलं.

"मला मुली आवडत नाहीत, आप्पा. मुलगे आवडतात. मी गे आहे. लहानपणापासून माहितीये मला."

यादवने चावी फिरवून मला पुन्हा चालू केलं. मग म्हणाला, "लग्न झालं ना, की बसतं सगळं जागेवर."

सविताच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिचा आवाज हलला नाही. "आणि त्या पोरीचं काय? लोकाच्या लेकीचं वाटोळं करून आपल्या दाराला तोरण बांधायचं? गाडी फिरवा."

यादवने मला फिरवलं. त्या दिवशी मला सविताचा फार अभिमान वाटला.

यादवने मात्र पुढे घोळ घातला. स्थळ का मोडलं, असं आण्णाने विचारलं. थोरल्या भावापासून काही लपवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. यादवने खरं कारण सांगून टाकलं, तेही मयूरला न विचारता. आण्णाच्या ओट्यावरून ती गोष्ट भावकीत गेली आणि भावकीतून गावभर झाली. मयूर अंबडला खोली घेऊन राहू लागला. घरी येईना, फोन उचलेना. यादव लोकांना सांगायचा, "त्याला ओव्हरटाइम लय असतो."

एका रविवारी सविताने डबा भरला आणि यादवला अंबडला न्यायला लावलं. ती वर खोलीत गेली. यादव काचा वर करून माझ्यातच बसून राहिला. बऱ्याच वेळाने ती खाली आली.

"वाळलाय पोरगा. जेवत नाय, झोपत नाय. मला म्हणतो, आई, मी नसतोच तर तुमचं बरं झालं असतं." तिने यादवच्या बाजूचा दरवाजा उघडला. "तुम्ही अजून इथंच बसणार हाय का?"

यादव उतरला. माझा दरवाजा लावायचंही त्याला सुचलं नाही. वर काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, पण थोड्या वेळाने तिघं मिळून खाली आली आणि मयूर आमच्याबरोबर घरी आला.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना मानसोपचाराच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परतताना सविता त्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं पुन्हापुन्हा सांगत होती. मयूर जसा आहे तो काही आजार नाही, त्यामुळे बरं करण्यासारखं त्यात काही नाही. झोपेवर, भुकेवर उपचार करता येतील. पण तो एकटा पडला आहे आणि ते घरच्यांनाच दूर करावं लागेल.

यादव म्हणाला, "तुला न विचारता आण्णाला सांगितलं, चुकलो मी. आता तू म्हणशील तेवढंच बोलायचं आणि तू म्हणशील त्यालाच सांगायचं."

काही महिन्यांनी आण्णाची मुलगी तृप्ती हिचं लग्न ठरलं. आण्णा मळ्यात आला आणि माझ्या बॉनेटला टेकून म्हणाला, "फुलं तुझ्याच मळ्यातली पाहिजेत. पण पोराला आणू नको. पाहुण्यांत शोभा नको."

तो गेल्यावर यादवने मयूरला विचारलं, "तुला यायचंय?"

"तृप्तीचं लग्न आहे, आप्पा. यायचंय मला."

"मग यायचं," यादव म्हणाला.

लग्न दिंडोरी रोडच्या एका लॉन्सवर होतं. फुलं उतरवून मी स्टेजच्या कडेलाच उभा होतो. तिथून सगळं दिसत होतं आणि शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. आमच्याकडे लग्नात वरपक्ष नवरीकडच्या माणसांना टॉवेल-टोपी देऊन मान करतो. माइकवरून एकेकाचं नाव पुकारतात. नाव घेतलं तो घरचा, गाळलं त्याने काय ते समजून जायचं. नवरीच्या भावांची नावं झाली. सगळे चुलतभाऊ झाले, पण मयूरचं नाव आलं नाही. मग चुलते म्हणून यादवला बोलावलं. तो पुढे गेला, पण त्याने डोकं वाकवलं नाही.

"टोपी आधी माझ्या पोराला," तो म्हणाला. "तृप्तीचा भाऊ हाय तो. नाव राहिलंय त्याचं."

"यादव, नंतर बघू. खाली बस," आण्णा दबक्या आवाजात म्हणाला.

"नंतर नाय, आण्णा. मी हाय इथं उभा."

आणि तो उभाच राहिला. मुहूर्त जवळ येत होता. सविता उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. माइकवाल्याने आण्णाकडे बघितलं. आण्णाने मान फिरवली. शेवटी तृप्तीच्या सासऱ्यांनीच, हातातली टोपी सावरत, अवघडून विचारलं, "मुलाचं नाव काय?"

"मयूर," सविताने सांगितलं.

माइकवरून नाव पुकारलं गेलं. मयूर आला. टोपी घालून घेताना तो रडत होता आणि ते त्याने लपवलं नाही. त्यानंतर यादवने आपला मान घेतला.

सगळं गोड झालं, अशी थाप मी मारणार नाही. जेवताना काही पाहुणे मयूरशेजारून उठून गेले. आण्णा अजूनही यादवशी कामापुरतंच बोलतो. पण मयूर आता पोटभर जेवतो, शांत झोपतो आणि सुट्टीच्या दिवशी फुलबाजारात मला तोच नेतो. गिअर जरा जोरात टाकतो, पण मी सोसतो.

मित्रांनो, मला ऑइल-पाणी वेळेवर मिळालं की पुरतं, माणसाला मात्र आपली माणसं लागतात. तुमच्या वर्गात किंवा घरात कुणी मयूरसारखं असेल, तर त्याचं गुपित त्याला न विचारता कुणाला सांगू नका. तुमच्यातलंच कुणी तसं असेल, तर एकट्याने कुढत बसू नका, ऐकून घेणारं एक तरी मोठं माणूस शोधा. आणि तुमच्या आई-वडिलांना या जुन्या टेम्पोचा निरोप सांगा. जिथे तुमच्या पोराचं नाव गाळतात, तिथे स्वतःचा मान घेऊ नका.