रिपोर्ट तयार नाही

आमच्या ऑफिसात एकच धर्म पाळला जातो: सिस्टिम अडली की रीस्टार्ट मारायचा. का अडली, हे विचारणारा मूर्ख. रीस्टार्टचा पासवर्ड माझ्याकडे, म्हणून आज सकाळपासून मी खुर्चीला जखडलेली. पाणी प्यायला उठले तरी साहेब दारापर्यंत मागे येत होते.

सिस्टिम एका तपासणी लॅबची. पेशंट घरबसल्या तिच्यावर आपला रिपोर्ट बघतात. बाबांचाही आजच यायचा होता. मानेवरच्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. आई गेल्यापासून घरात ते एकटेच. रिपोर्ट उघडताना मी शेजारी असेन, असा शब्द दिला होता मी.

"ठमे, निघालीस का?" बाबांचा फोन.

"हे सुरळीत झालं की निघतेच. तोवर तुम्ही बघत राहा ना, आला का ते."

"बघतोय गं. ते तुमचं सारखं बंद पडतंय."

मी फोन ठेवला आणि सिस्टिम पुन्हा ठप्प. डेटाबेसचं कनेक्शन शिल्लक नाही, तोच एरर. रीस्टार्ट केला, थोडा वेळ चाललं, परत ठप्प. रडूच यायला लागलं मला. शेवटी साहेबांना सांगितलं, "आता रीस्टार्ट नाही. आधी कोड बघू द्या." त्यांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

डेटाबेसची कनेक्शनं मोजकी असतात. घ्यायचं, काम करायचं, परत ठेवायचं. रिपोर्ट सापडला तर आमचा कोड ते परत ठेवत होता. 'रिपोर्ट तयार नाही' एवढंच सांगायचं असलं की मात्र मधूनच पळ काढत होता, ऑफिसच्या संडासाची किल्ली खिशात घालून घरी गेलेल्या माणसासारखा. कनेक्शन अडकून पडायचं. सगळी अडकली की लॅबलाही नवे रिपोर्ट चढवता येत नव्हते.

पण तयार नसलेला रिपोर्ट इतक्यांदा बघतंय कोण? मी लॉग उघडला, म्हणजे कोणी कधी काय बघितलं त्याची नोंद. एकच पेशंट नंबर, पानभर, एकाखाली एक. तो मला पाठ होता, बाबांची नोंदणी मीच केली होती. मी येत नव्हते म्हणून ते बघत होते, आणि ते बघत होते म्हणून मला निघता येत नव्हतं.

काहीही झालं तरी कनेक्शन परत ठेव, असं कोडमध्ये घातलं. सिस्टिम पळायला लागली. तुंबलेले रिपोर्ट धडाधड चढू लागले. मी पर्स उचलली.

"छे छे, संध्याकाळपर्यंत हलायचं नाही. पुन्हा अडली तर?" साहेब खुर्ची ओढून माझ्या वाटेतच बसले.

तेवढ्यात फोन वाजला.

"ठमे, आला गं." बाबांचा आवाज बारीक झाला होता. "उघडला नाहीये मी."

"बाबा, मी निघतेय..."

"ते तुमचं बंद पडत होतं ना, ते जरा परत बंद पाड. तू येईपर्यंत."