समुद्रावर जाणारं औषध

दोन वर्षं देरामन रोज सकाळी आठला सरकारी दवाखान्यात जाऊन खिडकीसमोर उभ्याउभ्या मेथाडोन हे व्यसन सोडवणारं औषध पीत होता. त्याआधीची अकरा वर्षं हेरॉइनने खाल्ली होती. आता तो जेवत होता, झोपत होता, शुक्रवारी मशिदीत पुढच्या रांगेत बसत होता. पण बर्फाचा कारखाना बंद पडला आणि मलेशियातल्या केलांतानच्या त्या किनाऱ्यावर दुसरं काम मिळेना. पोक जेनच्या मासेमारीच्या होडीवर जागा होती, पण ती गेली की चौथ्या दिवशी परतायची.

"औषध सोडून देतो," जेवताना तो बायकोला म्हणाला. "बरा झालोय आता."

कलसोमने बुदूची, माशाच्या खारट रसाची, बाटली खाली ठेवली. "मागच्या खेपेलाही हेच बोलला होतात. पुढच्याच महिन्यात माझं शिलाई मशीन विकलंत."

"मग खायचं काय?"

"ते मी बघते. तुम्ही उद्या आठला खिडकीवर जा."

सकाळी तीही बरोबर गेली. औषध देणारी वान आयनी वयाने लहान, मायाळू, पण नियमाला पक्की.

"कलसोमताई, घरी न्यायला औषध नाही देता येत. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या तपासणीत हेरॉइन सापडलं होतं."

"एकदा घसरला. त्यानंतर एक तरी सकाळ चुकला का?"

"नाही."

"मग जो रोज येतो त्यालाच हाकलताय तुम्ही."

"ताई, ती बाटली एखाद्या लेकराने प्यायली तर मरेल. मग?"

कलसोम तडक धक्क्यावर गेली.

"पोक जेन, होडीवर कुलपाची पेटी ठेवा. किल्ली तुमच्या गळ्यात. रोज सकाळी तुमच्यासमोर पिऊ दे त्याला."

"मी काय नर्स आहे?"

"दर हंगामाला तुमची दोन माणसं पावडरीपायी पळतात. मी टिकणारा माणूस देतेय, तर लाज वाटते?"

पोक जेन कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचार करू. कलसोम म्हणाली, करा, मी बसते.

ती पाच दिवस बसली. सकाळी नंबर घ्यायची, नंबर पुकारला की तोच प्रश्न विचारायची, पुन्हा बाकावर येऊन बसायची.

"लोक बघतायत," देरामन पुटपुटला.

"बघू देत. तुम्ही चोऱ्या करत होतात तेव्हाही बघतच होते."

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वरून परवानगी आणली. दोन दिवसांचं औषध मिळेल, कुलपात. तिसऱ्या सकाळी माणूस खिडकीवर हजर हवा. म्हणजे फेरी एका दिवसाने आखूड.

"या बाईशी भांडण्यापेक्षा वादळ परवडलं," म्हणत पोक जेनने सही केली.

पहिल्याच फेरीला वारा उलटा लागला. खिडकी दहाला बंद व्हायची. तिसऱ्या सकाळी कलसोम दवाखान्याच्या दारातच उभी होती. दहाला पाच कमी असताना देरामन पळत आला, अंगावर माशांचे खवले तसेच, हातात पेटी आणि पोक जेनने दिलेली किल्ली. वान आयनीने पेटी उघडून रिकाम्या बाटल्या पाहिल्या आणि त्या दिवसाचं औषध पुढे केलं.

ते पिऊन तो म्हणाला, "आमच्या होडीवरचा रुस्लान. दोन वर्षांपूर्वी इथलं औषध सोडून पळाला होता. त्याचं नाव परत लिहाल?"

"स्वतः यायला हवं त्याने."

"बाहेर आलाय. आत यायला घाबरतोय. तुम्ही ओरडाल म्हणतो."

"मी नाही ओरडणार," वान आयनी म्हणाली आणि तिने नवा कागद घेतला.

कलसोम तोवर बाहेर जाऊन रुस्लानचा दंड धरून त्याला आत आणत होती.