जोत्याच्या मापाचे बूट

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. बुटांची गोष्ट, ती पण तेराव्याची. लोक म्हणतील, ह्याला दुसरं काय सुचलं नाय का. पण धनाजीचं ते बूट निवडणं डोक्यातून जाईना, म्हणून बसलोय.

पंच्याण्णव साल. जुईनगरला धनाजी आणि जोतीराम समोरासमोर राहायचे. दोघांचे आईबाप साताऱ्याकडचे, आणि दोघांचं वेड एकच. पळायचं. धनाजी तुर्भ्याच्या कंपनीत मशीनवर, जोत्या बापाबरोबर कांदा-बटाटा मार्केटात गोण्या उचलायला. सुट्टी झाली की दोघं पारसिकच्या डोंगरावर. पनवेलच्या पुढं डोंगरात एक लांब पल्ल्याची शर्यत होती. खिंडीपर्यंत चढायचं, पलीकडं उतरायचं, सगळा रस्ता दगडधोंड्यांचा. दोघांनी नावं दिलेली. आणि जोत्याला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली. "दमलोय रे, बाकी काय नाय," म्हणत राहिला. दवाखान्यात नेला तेव्हा डोळे हळदीसारखे. तिथून घरी आलाच नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी आप्पांनी, म्हणजे जोत्याच्या बापानं, धनाजीला बोलावलं.

"धना, उद्या पायतान द्यावं लागतंय. वरची वाट लय लांब. काटं असत्यात, तापल्याली वाळू असती म्हणं. भटजीला चप्पल-छत्री देतोयच. पर आमचं पोरगं कवा चप्पल घालून धड चाललंय? त्या डोंगराच्या शर्यतीला जसलं घेणार व्हता, तसलं आण. आन पाटावर तूच बस. भटजी काय त्ये घालून पळणार हाय?"

आप्पा गमतीनं बोलले असं वाटून धनाजीनं वर बघितलं. चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं.

त्यांच्यात ही रीत होती. गेलेल्याच्या जागी त्याच्या जोडीचा माणूस पाटावर बसवायचा, जेवू घालायचा, द्यायचं ते त्याला द्यायचं. आप्पांनी पैसे खिशात कोंबले आणि धनाजी वाशीला गेला.

दुकानात मालकाची पोरगी हेतल बसलेली. तिनं खोके काढायला सुरुवात केली. पहिला बूट जड, डोंगरात पायाला वीट बांधल्यासारखा. दुसऱ्याचा तळ सपाट, मुरमावर घसरणार. तिसरा मऊ, दोन मैलांत खडी टोचायला लागेल. मग एक निघाला. तळाला खोल खाचा, टाच घट्ट, पुढं जाड रबर. धनाजीनं हातात धरून वाकवून बघितला. जोत्या असताना दोघं काचेबाहेरून असलेच बूट बघत उभे राहायचे.

"नऊ ना तुझा?" हेतल म्हणाली. "घालून बघ."

त्यानं घातले. दुकानातल्या दुकानात फेरी मारली. काय बसले होते! त्याचे स्वतःचे बूट तळातून उसवलेले, आणि शर्यत रविवारी. क्षणभर तो सगळं विसरला. उतारावरून सुटलाय, पुढची पोरं मागं पडतायत, एवढंच दिसलं. मग एकदम आठवलं, हे कुणाच्या वाटेसाठी घेतोय. तिकडं जोत्या अनवाणी, आणि आपण इथं टायमिंग लावतोय.

बसला आणि लेस सोडायला लागला.

"सात नंबर दे."

"सात? पाय बघितला का स्वतःचा? होडी आहे ती!"

"माझ्यासाठी नाय."

"मग ज्याचे आहेत त्याला घेऊन ये ना. नाही बसले तर बदलून नाही मिळणार हां, पप्पा ओरडतात."

धनाजीनं आप्पांचे पैसे काढून पुढं ठेवले. हेतलनं त्याच्याकडं बघितलं आणि गुपचूप सात नंबरचा खोका बांधला.

तेराव्याला त्याला पाटावर बसवलं. शालनकाकीनं, जोत्याच्या आईनं, त्याच्या पायावर पाणी घातलं. आप्पांनी खोका उघडून बूट पुढं ठेवले. धनाजीला वाटलं होतं, हातात घेऊन नमस्कार करायचा आणि जोत्याच्या फोटोखाली ठेवून द्यायचे.

"घाल," आप्पा म्हणाले.

"नंतर घालतो, आप्पा."

"नंतर कसं? पाटावरल्याच्या पायात गेल्याबिगर त्येला पोचल व्हय?"

गावाकडनं आलेला एक पाहुणा म्हणाला, "घाल की रं, नवरदेवावानी काय लाजतुयास!" कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

धनाजीनं लेस पार शेवटपर्यंत ढिल्या केल्या. बोटं आत दुमडली. टाच दाबून दाबून घातली. डोळ्यांत पाणी आलं, लोकांना वाटलं जोत्यासाठी.

"चालून दाव."

तो दारापर्यंत गेला, परत आला.

"बसलं का रं बरोबर?"

तेव्हा सांगता आलं असतं, की जोत्याच्या मापाचे आणलेत, माझ्या पायात जात नायत. पण शालनकाकी टक लावून त्या बुटांकडं बघत होती. पायात गेले नाहीत म्हणजे पोचले नाहीत, हे तिनंही ऐकलं होतं.

"एकदम बरोबर, आप्पा."

इतक्या दिवसांत आप्पांनी पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकली. "मग रविवारी ह्येच घालून पळ. तुझ्यासंगं त्येलाबी जाऊ दे. लय मन व्हतं त्येचं."

"पळतो," धनाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

जेवणं उरकल्यावर तो गच्चीच्या जिन्यात जाऊन बसला. वर पाण्याची टाकी गळत होती. बूट काढले. अंगठ्याचं नख काळंनिळं, कडेनं रक्त. एवढ्या चालण्यात ही गत. चढ निघेल एक वेळ, चढताना भार मागं असतो. पण उतारावर सगळं अंग बोटांवर येतं. ह्या बुटांत उतरला तर पाय संपले. आणि हे आप्पांना कधी सांगता येणार नव्हतं.

त्यानं बूट मांडीवर घेतले. आजूबाजूला कोणी नाही बघून हळूच बोलला.

"जोत्या, ऐक. चढ काढतो मी ह्याच्यात, रडत का होईना. खिंडीत पोचलो की हे काढून ठेवीन. पलीकडं माझ्या फाटक्या बुटांत उतरणार. तिथनं पुढं तुझं तुला बघावं लागंल, लेका. माझ्यानं नाय होणार. पण खिंडीपर्यंत नेतो. शब्द देतो तुला."