चाकाखालची लिंबं

विश्वकर्मा पूजेच्या सकाळी पंचफुलाबाईंनी आठ लिंबं मागवली, तेव्हा त्यांचा मुलगा देवेंद्र हसला.

"आई, चारच पुरे झाली असती. त्या खटाऱ्याची कायची पूजा? दुपारी बबलू कबाडी तिले भंगारात न्याले ट्रक घेऊन येऊन राह्यला."

"पूजेनंतर गाडीनं लिंबं चिरडली पाह्यजे," त्या म्हणाल्या. "माह्या गाडीनं चिरडली, तर बबलूले वापस पाठवशील?"

"पाठवीन. आधी हलू तर दे तिले!"

जुनवानीच्या घरासमोर जांभळाखाली दोन्ही गाड्या उभ्या होत्या. देवेंद्रची पांढरी, बटण दाबून सुरू होणारी, तीन महिन्यांची. आणि पंचफुलाबाईंच्या नवऱ्याची, हिरालालची अँबॅसिडर. पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या पाळीतल्या त्याच्या तीन सोबत्यांच्या नवऱ्या तिच्यातूनच सासरी आल्या होत्या. सेक्टर सहाच्या मोकळ्या रस्त्यावर हिरालालनं बायकोला तिच्यावरच गाडी शिकवली, तेव्हा शेजारणी फाटकात उभ्या राहून तोंडाला पदर लावत. हिरालाल गेल्यापासून गाडी बसूनच होती. मागच्या आठवड्यात मात्र पंचफुलाबाईंनी नत्थू मिस्त्रीला बोलावून कार्बोरेटर साफ करून घेतला होता, पेट्रोलही भरलं होतं.

नव्या गाडीचा थाट काही और होता. पहाटेपासून चारही दारं उघडी, आत रंगीत दिवे, आणि गल्लीभर ऐकू जातील अशी भजनं. झेंडूचे हार झाले, नारळ फुटला, दोन्ही गाड्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवली. देवेंद्र ऐटीत आत बसला. बटण दाबलं.

टक्.

पुन्हा दाबलं. समोरचा स्क्रीन काळा. भजनही मध्येच तुटलं.

"पापा, बैटरी गई," नात भूमिका म्हणाली. "सुबह से गाने चल रहे थे ना!"

तेवढ्यात बबलूचा ट्रक वेळेआधीच फाटकाशी आला. पंचफुलाबाईंनी पदर खोचला आणि अँबॅसिडरच्या स्टिअरिंगसमोर बसल्या. सेल्फ मारला. गाडी नुसती कण्हली.

"पाह्यलं?" देवेंद्र म्हणाला. "तुह्या गाडीचीही बॅटरी गेली."

"स्टार्टर फिरवाइतकी नाही, ठिणगीपुरती आहे. भूमिका, डिक्कीतलं हँडल काढ."

लोखंडी हँडल भूमिकेनं बंपरच्या भोकातून आत घातलं.

"अंगठा बोटांच्या बाजूले ठेव, हँडलले वेढा देऊ नको. उलटं फिरलं तर अंगठा मोडते. खाली दाबू नको, वर ओढ."

त्यांनी चोक ओढला. भूमिकेनं हँडल ओढलं. काही नाही. दुसऱ्यांदा गाडी खोकली. ट्रकवरून बबलू खो खो हसला.

"आजी, होत नाही!"

"होते. तुह्या आज्यालेही तिसऱ्यांदाच व्हायची."

तिसऱ्या झटक्याला अँबॅसिडर अशी गरजली, की जांभळावरचे कावळे उडाले. निळा धूर अंगणभर झाला. पंचफुलाबाईंनी चोक हळूहळू आत ढकलला, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. चार लिंबं फटाफट फुटली.

फाटकाशी थांबून त्यांनी हॉर्न दाबला.

"बबलू, ट्रक बाजूले घे रे! रस्ता दे."

बबलूनं हसू आवरून ट्रक मागे घेतला.

देवेंद्र अजून आपल्या न फुटलेल्या लिंबांकडे बघत होता. पंचफुलाबाईंनी काच खाली केली.

"मागं बस, बापू. पद्मनाभपुरातून तुह्या गाडीसाठी मिस्त्री आणाचा आहे ना?"

तो आला, मागचं दार उघडून बसला. दार एकदाच ओढून लागत नाही, दोनदा ओढावं लागतं, हे त्याच्या हाताला अजून आठवत होतं.