दोघांच्या सुट्टीचा दिवस

सहलीची हौस कुणाला होती म्हणाल, तर कुणालाच नव्हती. गुंडीच्या आईला झोप हवी होती, बाबाला झोप हवी होती, आणि अडीच वर्षांच्या गुंडीला स्वयंपाकघरातले डबे आणि त्यांची झाकणं आयुष्यभर पुरली असती. पण दोघांची सुट्टी चुकून एकाच दिवशी आली. गुंडीच्या जन्मापासून असं घडलं नव्हतं. मग अशी सुट्टी घरी लोळून वाया घालवायची कशी? म्हणून निघाली वरात तळ्याकाठच्या बागेत.

आई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची; तिची सकाळची शिफ्ट. बाबा बसडेपोत मेकॅनिक, त्याची दुपारपासूनची. ती दारातून आत आली की तो दारातून बाहेर. मधल्या मधे पोर या कडेवरून त्या कडेवर, आणि सोबत बातम्या: "जेवली. झोपली नाही. शी झालीय. नाक वाहतंय." संपलं बोलणं! ज्याच्या हातातून पोर सुटलं तो मोकळा. गुंडीला कधी नव्हे ते झोप लागलेली असली तर आई चपला काढतानाच आडवी व्हायची; तेवढीच झोप मिळायची. याला संसार म्हणायचं की नाका, देव जाणे.

यावरूनच आठवडाभर घरात धुसफूस चालली होती. डेपोने बाबाला सकाळची शिफ्ट देऊ केली होती. घेतली तर दुपारनंतर तिघं एकत्र. पण सकाळभर गुंडीला पाळणाघरात ठेवावं लागणार.

"माझं पोर आजवर परक्याच्या हाती गेलेलं नाही," आई म्हणाली होती. म्हणताना तिची मान ताठ झाली. बाकी अंगात ताठ व्हायला काही उरलेलं नव्हतं म्हणा.

"तू म्हणशील तसं," बाबा म्हणाला आणि गप्प बसला. साहेबाला उत्तर उद्या द्यायचं होतं. भांडला असता तर बरं, असं तिला वाटत होतं. त्या गप्प बसण्याचाच तिला राग येत होता.

तर प्रवास. पहिल्या बसमध्ये गुंडीने एक बूट खिडकीतून बाहेर फेकला. दुसऱ्या बसमध्ये दुसरा फेकू दिला नाही म्हणून आकाशपाताळ एक केलं. शेजारच्या आजोबांच्या टकलावर बिस्किट चुरलं. आजोबा भला माणूस, "असू दे, असू दे" म्हणत पुढच्याच थांब्यावर उतरले. बागेत पोचल्यावर बदकं दाखवली तर बाईसाहेबांना बदकं नकोत, गळका नळ हवा. होडीत बसवलं तर होडीबाहेर एक पाय. बाबा पायडल मारतोय, आई फ्रॉकचं टोक घट्ट धरून बसलीय, आणि दोघंही मनातल्या मनात म्हणतायत, कुठून ही अवदसा आठवली! काठावर परत आले तेव्हा दोघांचा जीव मेटाकुटीला आला होता. पोरगी मात्र टवटवीत.

झाडाखाली एक बाक रिकामा होता. बाबा एका टोकाला टेकला. आईने गुंडीला त्याच्या पायाशी उभं केलं आणि म्हणाली, "घ्या हिला जरा."

"हं," बाबा म्हणाला.

आता घरी या गोष्टीची एक रीत होती. दार उघडायचं, पोर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायचं, मगच पहिला मोकळा व्हायचा. इथे दार कुठलं? बाबाचे डोळे आधीच मिटलेले होते. त्याचं "हं" म्हणजे ऐकलं, एवढंच. तिच्या लेखी मात्र पोर सोपवून झालं होतं. बसल्या जागी तिचा डोळा लागला.

जाग आली ती तोंडावर ऊन आल्यामुळे. शेजारी नवरा तोंड उघडं टाकून झोपलेला, मांडी रिकामी.

"गुंडी कुठाय?"

"तुझ्याकडे ना?"

"अहो, तुमच्याकडे दिली होती!"

ती आधी पाण्याकडे धावली. चपला तिथेच राहिल्या. काठावर वाकून ती त्या हिरव्या पाण्यात बघत होती आणि तिला काहीच दिसत नव्हतं. मी झोपले, मी झोपले, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. होडीवाला म्हणाला, इकडे कुणी पोर आलं नाही. बाबा नळाकडे जाऊन आला, झोपाळ्यांकडे जाऊन आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग दोघंही फाटकाकडे पळाले.

फाटकापाशी तिकिटं फाडणाऱ्या बाईच्या मांडीवर गुंडी बसली होती, एका पायात बूट, हातात अर्धं केळं.

"तुमची का?" बाई म्हणाली. "अहो, रडली नाही अजिबात! विचारलं, आई कुठाय? म्हणे झोपली. बाबा? म्हणे झोपला. मग इथे काय करतेस गं? तर दाराकडे बोट दाखवून म्हणते, आता येईल. कोण येईल ते काही मला कळेना."

आईला कळलं. घरी एक झोपलं की दारातून नेहमी दुसरं यायचं. ती फाटकातच खाली बसली. येणारी-जाणारी माणसं तिला वळसा घालून जाऊ लागली. बाबाने खाली वाकून पोरीला उचललं, छातीशी धरलं, आणि त्याला रडू आलं. खिडकीतून फेकलेला बूट परत मिळाला असता तरी गुंडी एवढी चकित झाली नसती. तिने बाबाकडे पाहिलं. खाली बसलेल्या आईकडे पाहिलं. पुन्हा बाबाकडे.

"आता कोण जानाल?" तिने विचारलं.

 उद्या दुपारी बाबाच जाणार होता.

"साहेबाला हो म्हणून सांगा," आई खालूनच म्हणाली.

"आणि पाळणाघर?"

"शोधू. रडेल चार दिवस. मीही रडेन. पण हो म्हणून सांगा."

तिने तिकीटवाल्या बाईचे हात धरले. बाई म्हणाली, "जा आता घरी, झोपा जरा."

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. गुंडी दोघांच्या मधे बसली. थकून तिची मान डुलत होती, पापण्या मिटत होत्या. मिटल्या की ती दचकून डोळे उघडायची, आधी आईकडे बघायची, मग बाबाकडे. आई म्हणाली, "झोप गं राणी, आहोत आम्ही." पण घर येईपर्यंत ती झोपली नाही.