वालावरचा बुडबुडा

जगदेवचा मले राग काहून येत होता, ते आधीच सांगून टाकतो. मंग कोणी म्हणू नये का शेषराव गोष्ट गोल गोल फिरवते. मी त्याच्यावर जळत होतो. असा जळत होतो का अन्न गोड लागत नव्हतं. बस, झालं सांगून.

कामरगावच्या स्टँडवर लिंबाखाली माहं पंचरचं दुकान. दुकान कायचं, एक फळी, पाण्याचं टोपलं, पायानं मारायचा पंप अन् बाभळीचा एक दांडका. पण त्या दांडक्याले नाव होतं बरं! जीप येवो, ट्रक येवो, ट्रॅक्टरची ट्रॉली येवो, मी टायरवर दांडका मारे अन् नुसत्या आवाजावरून हवा सांगे. ठण्ण वाजला म्हणजे भरला आहे. ठप वाजला का पाच-सात पौंड कमी. ढब वाजला म्हणजे बाप्पा, उतरा खाली, हा तुमाले रस्त्यात दगा देते. अमरावतीकडचे ट्रकवाले गाडी उभी करत अन् म्हणत, "शेषरावभाऊ, जराक कान द्या." पैसे देवो न देवो, त्या एका बोलण्यावर माहा दिवस जाये. दुसरं काय होतं मायाजवळ? शिक्षण नाही, वावर नाही. कान होता.

अन् जगदेव कोण? तर माहा साळा. माह्या बायकोचा, लिलाचा, धाकटा भाऊ. दोन वर्ष माह्याच फळीवर बसून पंचर काढणं शिकला, मंग अकोल्याले गेला. शहात्तर साली वापस आला तो हवेची टाकी घेऊनच आला. कंप्रेसर! घर्रर्र केलं का टायर भरला. अन् शर्टाच्या खिशात, पेन लावावा तसा, हवा मोजायचा काटा. ट्यूबच्या वालावर, म्हणजे हवा भरायच्या नळीवर, टेकवला का आकडा बाहेर. दुकान कुठं टाकावं यानं? माह्या समोर, रस्त्याच्या पलीकडं! गाव एवढं मोठं, पण याले तीच जागा दिसली.

"भाऊ समोर असला म्हणजे आपल्यालेबी आधार," लिला म्हणे.

"आधार? माहं गिऱ्हाईक पळवून राह्यला तो!"

"तुमचं आपलं काहीतरीच. केवढी मेहनत करते पोरगं. अन् तो काटा पाह्यला का तुमी? कसा बरोब्बर आकडा सांगते वं माय!"

घ्या. पंधरा वर्ष संसार केला, पण माह्या कानाले तिनं कधी वं माय म्हणलं नव्हतं. हिच्या माहेरचं माणूस शिंकलं तरी हिले कौतुक. मी ताट सरकवून उठलो होतो त्या दिवशी.

आता माणिकरावचं सांगतो. माणिकराव म्हणजे गावातले मोठे कास्तकार, अन् गावातली एकुलती एक जीप त्यायची. बारा वर्ष त्या जीपच्या चाकायले माह्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. रामनवमीले पोहरादेवीची यात्रा राह्यते, तांड्यावरचे लोकं जातात, तवा जीपच्या तीन-तीन चकरा होत. त्या वर्षी माणिकरावनं कुठल्याशा लिलावातून मोठ्या गाडीचे चार रुंद चाकं आणले. जीपचे जुने अरुंद चाकं काढून हे बसवायचे, म्हणजे रेतीत फसत नाही अन् रुबाब बी दिसते. मी फळी झाडून, पाणी भरून तयार बसलो. अन् जीप माह्यासमोरून वळली अन् जगदेवच्या दारात उभी राह्यली.

माणिकरावनं माह्याकडं पाह्यलंबी नाही. अंगाचा तिळपापड झाला माह्या.

यात्रेच्या दिवशी सकाळी चाकं बसले. ही गर्दी! गाडी खरंच फुगल्यासारखी रुंद दिसत होती. जगदेवनं बहिणीले बोलावून तिच्या हातानं नारळ फोडला. मंग एकेका चाकाले काटा लावून मोठ्यानं आकडा सांगतला. तीस. तीस. तीस. तीस. लोकायनं अशा माना डोलवल्या का जसं यानं विमान उडवलं. मी माह्या फळीवर, हातात फाटकी ट्यूब, अन् पोटात आग.

तेवढ्यात जगदेव रस्ता ओलांडून आला. "भाऊजी," म्हणते, "एक डाव तुमचा दांडका लावून द्या ना."

मले वाटलं हा मजाक करून राह्यला. चार लोकायसमोर म्हाताऱ्या बैलाले झूल घालून राह्यला. उठलो मी. म्हणलं, चाल, तुले दाखवतोच.

पहिलं चाक, ठण्ण. दुसरं, ठण्ण. तिसरं बी. मागचं डावं ठोकलं अन् माहा हात थांबला. ठण्णच होतं ते, पण त्याच्या शेवटाले जराक बसकेपण होतं. दुसऱ्या कोणाले समजलं नसतं. मी वाकून पाह्यलं. नव्या रिंगचं वालाचं भोक मोठं, अन् ट्यूब जुनीच. वाल त्या भोकात तिरपा पडला होता, रिंगची धार त्याच्या बुडाले घासत होती. अशा ठिकाणी जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून वालाले कंठी घालावी लागते. मी बोटावर थुंकी घेतली अन् वालाच्या बुडाले लावली.

बुडबुडा आला. ज्वारीच्या दाण्याएवढा. हळूहळू फुगला अन् फुटला. मंग दुसरा.

कंठी घालाले अर्धा घंटा लागला असता. मी नुसतं तोंड उघडायचं होतं.

"काय म्हणते कान?" माणिकरावनं वरून इचारलं.

मी अंगठ्यानं ते ओलं पुसून टाकलं अन् उभा राह्यलो. "काट्यानं सांगतलं ना तीस? मंग माह्या कानाचं काय काम?"

लोकं हसले. जगदेवचं तोंड उतरलं. मी वापस फळीवर येऊन बसलो. माह्या मनात काय होतं ते बी सांगतो. चार कोसावर चाक बसावं, माणिकराव घामाघूम होऊन वापस यावा, अन् साऱ्या स्टँडसमोर म्हणावा, शेषराव, चुकलं बाप्पा माहं. बस. माणसायचं काय होईन, हे माह्या डोक्यातच आलं नाही. खरं म्हणजे आलं होतं. मी ते बाजूले सारलं.

जीप भरून गेली, जगदेव बी त्यातच बसला. थोड्या वेळानं शेजारची रंगूबाई भाकरीचं फडकं घेऊन आली.

"तुमी कायले आणली? लिला कुठं आहे?" मी इचारलं.

"बाप्पा, तुमाले माईतच नाही? ते गेली ना जीपमधी! भाऊ लय मांगं लागला, पहिली चक्कर तुहीच म्हणे. वळणावरून चढली. तुमची भाकर माह्याजवळ देऊन गेली."

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मले त्या दिवशी समजलं. कारंज्याच्या रस्त्यावर नाल्याआधी उतार आहे, खाली बिनकठड्याचा पूल. दहा-बारा माणसं, भरधाव जीप, अन् मागचं डावं चाक. बुडबुडा लहान होता म्हणजे हवा हळू जाईन, म्हणजे चाक गावाजवळ नाही, तिथंच बसन. हा हिशोब मले सकाळीच येत होता का नाही? येत होता.

मी पंप सायकलीले बांधला अन् सुटलो. चैताचं ऊन, डांबर पातळ झालेलं. एक चप्पल कुठं पडली तेबी समजलं नाही. तोंडानं सारखं लिला, लिला. मधीच जगदेवचं बी नाव येये. लहान असताना माह्या ताटात जेवलेलं पोरगं ते. लोकं यात्रेले निघालेले, बायाबापड्या, अन् मी भडवा दुकानात बसून काय पाह्यत होतो तर माहा मान!

उताराच्या अलीकडं, चिंचेखाली, जीप उभी दिसली. जॅकवर चढवलेली. माणसं सावलीत बसलेले. लिला रस्त्याच्या कडंले मांडी घालून ट्यूबवर लोट्यानं पाणी टाकून राह्यली होती. जीव भांड्यात पडला. सायकल मी तशीच आडवी टाकली.

"भाऊजी! बरं झालं आले!" जगदेव धावत आला. "वाल घासला पाहा. तांड्यावरच्या भुरीबाईले तहान लागली म्हणून गाडी थांबवली. उतरलो अन् हातात पाना होता, सहज ठोकलं, तुमी ठोकता तसं. ढब! काटा खिशातच होता भाऊजी, पण हात आधी ठोकायलेच गेला. तुमच्या फळीवर दोन वर्ष तेच तर आयकलं."

म्हणजे सकाळी तो मजाक करत नव्हता. त्याले खरंच माहा कान पाह्यजे होता.

तेवढ्यात माणिकराव उठून आले. "शेषराव, सकाळी तू याच चाकापाशी वाकला होता. तुले आयकू नाही आलं?"

लिलाचा लोटा हातातच राह्यला. तिनं माह्याकडं पाह्यलं. या बाईले माहीत आहे का चुलीवरचं दूध उतू जाच्या आधी मले अंगणातून कानानंच समजते.

आलं म्हणावं, तर मंग चूप काहून बसला? बायको, साळा अन् बारा जीव उतारावर सोडून चूप काहून बसला? नाही म्हणावं, तर ज्याच्यासाठी हे सारं केलं ते कानाचं नावच गेलं.

"नाही," मी म्हणलं. "नाही आलं आयकू."

"मी म्हणलंच होतं!" जगदेव म्हणे. "नाही तर भाऊजी चूप बसणारे आहेत का?"

त्यानं मले कानफटात मारली असती तर परवडलं असतं.

"मंग एवढ्या उन्हात," लिलानं हळूच इचारलं, "तुमी पंप बांधून कायले आले?"

"कंप्रेसर काही रस्त्यात येत नाही म्हणलं. लागला पंप तर असू द्या."

तिनं लोटा खाली ठेवला अन् ट्यूब माह्यापुढं सरकवली. मी जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, वालाले कंठी घातली. जगदेवनं पंप मारला, मी वाल धरून बसलो. जीप सुखरूप पोहरादेवीले गेली अन् वापस बी आली.

गोष्ट गावात पसरायले काय वेळ लागते? शेषरावचा कान गेला, म्हणे. ट्रकवाले पलीकडच्या बाजूनं उभे राहू लागले. वर्षाच्या आत मी फळी उचलली. जगदेव म्हणला, भाऊजी, माह्या दुकानात या, अन् मी गेलो. तिथं पंचर काढतो. टायर तो ठोकते. चांगला ठोकते.

अन् लिला? त्या दिवसापासून ते माह्याशी मोठ्यानं बोलते. आयकता काऽऽय! सारी गल्ली आयकते. कोणी नसलं तरी तसंच. मी बी दोन डाव हाक मारू देतो, मंग मान वर करतो.

परवा ते चुलीपाशी भाकरी थापत होती, पाठ माह्याकडं. मी दारात बसलो होतो. थापता थापता अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं, ते म्हणली, "त्या दिवशी आयकू आलं होतं ना तुमाले?"

अक्षरन् अक्षर आयकू आलं. मी मान खाली घालून बसून राह्यलो.

तिचे हात थांबले होते. मंग भाकर तव्यावर टाकली अन् साऱ्या गल्लीले आयकू जाईन असं ओरडली, "जेवाले चालाऽऽ!"